न पुसलेला फोटो

थंडोबानं आपली मेलेली बायको यंत्रात ठेवली आहे, अशी कुजबुज त्या प्रयोगशाळेत चार दिवस चालली होती. कुजबुजीचा उगम चौकशीची खिडकी. खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत; कोणाच्या वहिनी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. वहिनींच्या कानावर एखादी गोष्ट पडली की चहा निवायच्या आत ती रक्त काढायच्या खोलीपासून गच्चीपर्यंत पोचायची, आणि पोचेपर्यंत तिला हातपाय फुटलेले असायचे. ही गोष्टही अशीच वाढली. आधी एवढंच होतं, की बायको गेली त्या दिवसाचं काहीतरी थंडोबानं यंत्रात जपून ठेवलंय. मग त्यात ती टाइप करत बसलेली दिसते, असं झालं. पुढं सुट्टीच्या दिवशी तो दार लावून तिच्याशी बोलतो, इथवर मजल गेली.

"बोलतो?" रक्त काढणाऱ्या बाईनं विचारलं होतं, "ती होती तेव्हा तरी बोलायचा का?"

उत्तर नाही म्हणून वहिनी कधी अडल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

थंडोबा म्हणजे प्रयोगशाळेचा सर्व्हर सांभाळणारा गृहस्थ. तळमजल्याच्या टोकाला, जिन्याखालून मान वाकवून जावं लागेल अशी त्याची खोली. बाहेर उन्हानं डांबर पातळ झालेलं असलं तरी आत कडाका, कारण यंत्रांना गारवा लागतो. त्यामुळे बारा महिने अंगात एकच करडा स्वेटर, कोपरांवर विरलेला. नाव पडायला तेवढं पुरेसं होतं. त्यातून स्वभावही नावाला जागणारा. इमारतीला आग लागली असं कोणी धावत सांगायला आलं असतं, तर यानं आधी कितव्या मजल्यावर ते विचारलं असतं, आणि मग हातातलं काम संपवलं असतं.

बायको याच्या अगदी उलट. पहिल्या मजल्यावर ती रिपोर्ट टाइप करायची आणि तिला सगळे रेडिओ म्हणायचे. सकाळी दारातून आत शिरताना सुरू, संध्याकाळी फाटकाबाहेर पडताना बंद, आणि बंद तरी कुठलं, पुढं घरचं केंद्र लागायचं. डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेली लांबलचक वाक्यं ती कानात इयरफोनची बोंडं घालून ऐकायची, टाइप करायची आणि तेवढ्यात शेजारणीला नणंदेचं गाऱ्हाणंही सांगायची. आणि गंमत बघा, इतकं बोलणारी ही बाई, पण कुणाच्या पोटात काय निघालं, कुणाची गाठ कसली, यातलं चकार अक्षर कधी तिच्या तोंडून बाहेर आलं नाही. वहिनींनी नाना युक्त्या केल्या, गोड बोलून पाहिलं, रुसून पाहिलं, शेवटी हात टेकले.

दिवसातून दहादा तरी थंडोबाच्या खोलीतला फोन वाजायचा. आतल्या आतला फोन, वरून खाली.

"अहो, ऐकताय ना?"

"हं."

"काय म्हणाले मी?"

मग यानं तिच्या वाक्यातले शेवटचे दोन शब्द बरोब्बर म्हणून दाखवायचे आणि सुटायचं. हा त्यांच्या संसाराचा जुना करार होता, आणि दोघांनाही तो मान्य होता. ऐकण्याचं काम कान करायचे, माणूस आपला यंत्रात.

या यंत्राचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वहिनींच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटेल. खोलीत लोखंडाचं एक उंच कपाट. त्यात खरी यंत्रं मोजकीच, पण त्यांच्या पोटात मानलेली यंत्रं बरीच. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका घरात चार-पाच भाडेकरू असावेत आणि प्रत्येकाला वाटावं की अख्खं घर आपलंच, तसा प्रकार. एक मशीन पगाराचं, एक नमुन्यांच्या नळ्यांवर चिकटवायच्या पट्ट्यांचं, आणि सगळ्यांत थोरलं रिपोर्टांचं. टाइप करणाऱ्यांच्या टेबलांवर नुसते पडदे आणि कळफलक. त्यांचं सगळं लिहिणं चालायचं ते खाली, या थोरल्याच्या पोटात.

अशा मशीनचा फोटो काढता येतो. स्नॅपशॉट. काही मोठा बदल करायचा असला की आधी फोटो काढायचा. बदल अंगाशी आला, तर यंत्राला त्या फोटोतल्या घटकेला नेऊन उभं करायचं, जणू मधलं काही घडलंच नाही. माणसांना ही सोय असती तर लग्नाच्या आदल्या दिवशीचा फोटो जो तो कुलपात ठेवून बसला असता. यंत्रांच्या बाबतीत मात्र नियम उलटा. बदल नीट बसला, सगळं चालतंय अशी खात्री पटली, की दोन-तीन दिवसांत फोटो पुसून टाकायचा. ठेवायचा नाही.

ज्या दिवशी रिपोर्टांच्या मशीनवर नवी प्रणाली चढवायची होती, त्या दिवशी दुपारी थंडोबानं असाच फोटो काढला. काम सुरळीत झालं. त्याला मागं थांबायचं होतं, म्हणून रेडिओ एकटीच घरी निघाली. रोज दोघं बरोबर जायची. घराजवळच्या औषधाच्या दुकानासमोर, पायरीवर ती जरा टेकली, दुकानदाराला म्हणाली, "पाणी द्या हो थोडं." त्यानं पाणी आणेपर्यंत सगळं आटोपलेलं होतं. दुकानदारानं तिच्या पिशवीतला फोन काढून नवऱ्याला लावला. थंडोबानं सगळं ऐकून घेतलं, "हं" म्हणाला, खोलीचं दार नीट लावलं आणि बसस्टॉपवर जाऊन बसची वाट बघत उभा राहिला. रिक्षा करावी, हे त्याला सुचलंच नाही.

तो रडला नाही, याची चर्चा झाली. स्मशानात नाही, घरी नाही. बायका म्हणाल्या, दगड आहे. पुरुष म्हणाले, आत आत जळत असेल. खरं म्हणजे जळत-बिळत काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल असतो ना, आपलाच, पण हात लावला तर दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसा तो अख्खा झाला होता. कामावर परत आला, स्वेटर चढवला, खुर्चीत बसला. फोन वाजत नव्हता. त्याच्या हे लक्षातही आलं नाही. एवढंच, की दुपारचा डबा उघडायला उशीर होऊ लागला. "जेवलात का" असं विचारणारा फोन म्हणजेच जेवणाची घंटा होती, ती आता होत नव्हती.

आणि त्याचं "हं" मात्र वाढलं. पूर्वी ते एकटीपुरतं होतं, आता सर्वांसाठी झालं. कोणी काही विचारो, हं. वहिनींनी एकदा मुद्दाम विचारलं, "उद्यापासून खिडकीत तुम्ही बसता का?" म्हणाला, हं.

या हंकारातच सगळं घडलं. फोटो पुसायच्या दिवसांत तो घरी होता, आल्यावर त्या फोटोची आठवण कोणाला असणार. मग महिनाभरात आवारापलीकडच्या जुन्या इमारतीत ठेवलेला बॅकअपचा डबा बंद पडला. हा डबा म्हणजे वेगळं यंत्र. रोज सगळ्या मशीनींची एक पूर्ण नक्कल त्यात जाऊन पडायची, म्हणजे इथलं कपाट उद्या जळून गेलं तरी तिथं सगळं शिल्लक. डबा दुरुस्तीला गेला आणि जिथं गेला तिथंच राहिला. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे सगळ्या रिपोर्टांवर सही करणाऱ्या डॉक्टर, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत फिरणाऱ्या, त्या खाली आल्या.

"बॅकअपचं काय करायचं हो?"

"हं."

"नाही म्हणजे, फोटो आहे ना आपल्याकडे? तो तुम्ही काढता तो?"

"हं."

"मग झालं. तेवढ्यावर भागेल तोवर."

"हं."

बाई निश्चिंत होऊन वर गेल्या. आणि इथं या धंद्यातल्या लोकांच्या हातूनच होऊ शकेल अशी चूक झाली. फोटोला बॅकअप समजून अख्खी प्रयोगशाळा त्यावर निवांत झोपली.

अर्धं वर्ष असं गेलं. मग रिपोर्ट अडखळू लागले. टाइप करणाऱ्या मुलीनं कळ दाबली की अक्षर पडद्यावर यायच्या आधी तिची जांभई देऊन व्हायची. खिडकीसमोर रांग वाढली, वहिनींना लोकांची बोलणी बसू लागली, आणि वहिनींना बोलणी बसली की त्यांचे पडसाद सगळीकडे उमटणारच. मोठ्या बाई खाली आल्या.

थंडोबानं यंत्राचा हिशेब पडद्यावर घेतला. साठवणीची जागा भरत आलेली. ती कशानं भरली हे बघायला त्यानं आत डोकावलं, तर तिथं एक फोटो. नावापुढं तारीख. त्यानं ती वाचली. मागून बाईंनीही वाचली. त्या तारखेला त्याच तर सगळ्यांच्या वतीनं हार घेऊन गेल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वर केला, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "असू दे. तुमच्या सवडीनं करा."

बाई चांगल्या. वर जाऊन त्यांनी फक्त एकाच माणसाला सांगितलं. दुर्दैवानं ते माणूस म्हणजे वहिनी.

सवड मात्र मिळाली नाही. दोन दिवसांनी कपाटाच्या पुढच्या अंगाला एक पिवळा दिवा लागला. तिथं डिस्का शेजारी-शेजारी लावलेल्या असतात. एक गेली तर बाकीच्या मिळून तिचा भार उचलतात. एक गेली होती. आणखी एक गेली की सगळं गेलं. मोठ्या बाईंना बोलावणं धाडावं लागलं.

"पण आपल्याकडे बॅकअप आहे ना?" बाई म्हणाल्या. "तो फोटो?"

"तो बॅकअप नाही मॅडम."

"तुम्हीच तर हं म्हणालात."

"म्हणालो असेन."

बाई खुर्ची ओढून बसल्या. थंडोबानं टेबलावरचा एक कागद घेतला, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर ठेवलं. बायको गेल्यापासून तो इतकं पहिल्यांदाच बोलत होता, तेही बातम्या वाचाव्यात तशा आवाजात.

"फोटो म्हणतात, पण हा फोटो नव्हे. फोटो काढला म्हणजे काय झालं, तर खालचा कागद बंद केला. त्यावर आता लिहायचं नाही. त्या दिवसापासूनचं सगळं लिहिणं या वरच्या प्लास्टिकवर. बघताना दोन्ही मिळून एक दिसतं. मागं जायचं तर प्लास्टिक काढून टाकायचं, खाली जुना कागद आहेच. पण कागदही याच टेबलावर आणि प्लास्टिकही याच टेबलावर. टेबल मोडलं की दोन्ही गेलं. नक्कल दुसऱ्या घरात असते, ती बॅकअप."

"आणि हे प्लास्टिक अर्धं वर्ष वाढतंय."

"हं. म्हणून जागा संपली, म्हणून हळू झालं."

"म्हणजे फोटो काढायचेच नाहीत की काय?"

"काढायचे. बॅकअप घेतानासुद्धा आधी फोटो काढावा लागतो. नक्कल होत असताना वर लिहिणं चालूच असतं. मग अर्धं जुनं, अर्धं नवं असं भलतंच उतरेल. म्हणून सगळ्याला क्षणभर म्हणायचं, हलू नका. तेवढ्यात थांबलेलं असतं ते उतरून घ्यायचं, आणि काम झालं की फोटो काढून टाकायचा. तो दोन दिवसांचा पाहुणा आहे. आपला राहिला."

बाईंनी ते प्लास्टिक बोटानं उचलून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस आपण एका पायावर उभे होतो."

"हं."

"हे हं खरं की मघासारखं?"

"खरं."

ठरलं असं, की आठवड्याच्या सुट्टीला, वर कोणी नसताना, नवा डबा मागवून त्यावर पूर्ण बॅकअप घ्यायचा, तो उभा राहतो का हे पाहायचं आणि मग फोटो पुसायचा. त्याच क्रमानं. पुसताना वरचं प्लास्टिक खालच्या कागदात जिरवावं लागतं, आणि इतकं वाढलेलं प्लास्टिक जिरवताना डिस्कांना घाम फुटतो. दमलेल्या डिस्कांतली दुसरी त्यात गेली आणि हाताशी नक्कल नसली, तर गावातल्या इतक्या लोकांच्या गाठींचे, रक्ताचे, लघवीचे निकाल कुठल्याही देवाला परत आणता आले नसते.

दरम्यान वहिनींची गोष्ट फाटकाबाहेर पडली होती. ती फिरत फिरत एका दातांच्या दवाखान्यात गेली, जिथं थंडोबाची लेक रुग्णांना नंबर द्यायची. संध्याकाळी लेक घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात. बाप भांडी घासत होता.

"बाबा, आई त्या मशीनमध्ये आहे म्हणतात, ते खरं का?"

"हं."

"म्हणजे ती बसलेली होती, तिचं लिहिणं चालू होतं, तेव्हाचं आहे?"

"हं."

"आणि तुम्ही ते पुसणार आहात?"

"हं."

लेक मटकन स्टुलावर बसली. आईच्या जाण्याच्या वेळी ती परगावी होती. पोचली तेव्हा आईचं तोंड झाकलेलं. सकाळच्या फोनवर आई काहीतरी सांगत होती, हिनं घाईत "नंतर करते" म्हणून ठेवला होता. ते काय होतं, हे त्या दिवसापासून तिला खात होतं. आता कुठं तरी आई एक वाक्य अर्धवट टाइप करत बसलेली आहे, थांबलेली आहे, असं तिच्या डोक्यानं घेतलं.

"पुसू नका," ती म्हणाली. "मला बघायचंय."

थंडोबानं ताट विसळून उपडं घातलं.

"बाबा."

"हं."

सुट्टीच्या दिवशी सकाळीच थंडोबा खोलीत जाऊन बसला. इमारत रिकामी, वरच्या मजल्यावर कुठंतरी नळ गळत होता तेवढाच आवाज. नवा डबा आवारापलीकडं जोडला होता. बॅकअप सुरू झाला, चालत राहिला. दुपारी लेक आली, हातात जेवणाचा डबा, चेहऱ्यावर भांडणाची तयारी. खोलीत पाऊल टाकताच तिला हुडहुडी भरली. बापानं स्वेटर काढून तिला दिला आणि स्वतः नुसत्या शर्टावर बसला.

"पुसलं?"

"अजून नाही. आधी नक्कल."

नक्कल पूर्ण झाली. त्यानं ती तिकडच्याच यंत्रात, बाकी कशाला तार न जोडता, उभी करून पाहिली. चालू झाली. कालचा शेवटचा रिपोर्ट उघडला, तो उघडला. त्यानं मान हलवली. लेक हे सगळं नीट बघत होती. बापाचे कान नसले तरी त्याचं डोकं तिला मिळालेलं होतं.

"म्हणजे आता आजचं सगळं त्या डब्यात सुरक्षित आहे."

"हं."

"मग आता मागं जाता येईल. त्या दिवसापर्यंत. बघू, आणि त्या डब्यातून परत आज आणू. कुणाचं काही जाणार नाही."

थंडोबाचा हात कळफलकावर थांबला. मुलगी बरोबर बोलत होती. धोका होता, त्या थकल्या डिस्का त्यात गेल्या असत्या तर दोन दिवस प्रयोगशाळा बंद राहिली असती. पण जाता आलं असतं.

"जाता येईल," तो म्हणाला.

"मग चला."

"तिथं कोणी नाही."

"म्हणजे?"

"फोटो काढायच्या आधी सगळ्यांना बाहेर काढावं लागतं. कोणी अर्धं लिहीत असेल आणि वर बदल सुरू झाला तर त्याचं लिहिणं बिघडेल. म्हणून मी वर फोन करतो. सगळ्यांनी बंद करा. सगळे बाहेर पडल्यावर दार लावायचं, मग फोटो."

लेकीनं हातातला जेवणाचा डबा टेबलावर ठेवला.

"त्या दिवशीही केला होता. बाकीच्या लगेच उठल्या. तुझी आई राहिली होती. पडद्यावर तिचं एकटीचं नाव दिसत होतं. पुन्हा फोन केला."

"काय म्हणाली?"

"शेवटची ओळ राहिलीय म्हणाली."

"आणि तुम्ही?"

"आटप म्हटलं."

"मग?"

"मग तिनं ती ओळ लिहिली. बंद केलं. तिचं नाव गेलं. मग मी फोटो काढला."

बाहेर कुणीतरी फाटक हलवून पाहिलं, बंद आहे हे बघून निघून गेलं. लेकीनं स्वेटरच्या बाह्या तळव्यांवर ओढून घेतल्या.

"ओळ कसली होती?"

"कुणाच्या तरी थायरॉईडची. ते रिपोर्टात आहे. आजच्यातही आहे, डब्यातही आहे. ते काही जात नाही."

"ते नकोय मला."

"हं."

"मी विचारलं तेव्हा घरी तुम्ही हं का म्हणालात? तीनदा."

"तू काय विचारलंस ते मी ऐकलं नव्हतं."

लेक हसली. हसू असं नव्हे, नाकातून हवा सुटली. "आईलाही असंच करायचात."

"तिला माहीत होतं."

"मग ठेवलात कशाला तो इतके दिवस? आईची तारीख म्हणून?"

थंडोबा विचार करू लागला. प्रश्न सोपा होता आणि लेकीला त्याचं एक उत्तर हवं होतं, तेही त्याला दिसत होतं. ते उत्तर दिलं असतं तर ती रडली असती, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं असतं, आणि कदाचित दोघांनाही बरं वाटलं असतं. त्यानं आत कुठं काही हलतंय का हे चाचपून पाहिलं. गाल अजून बधीरच होता.

"नाही," तो म्हणाला. "राहून गेला."

त्यानं कळ दाबली. पडद्यावर एक पट्टी आली आणि भरू लागली. पुढं पुढं सरकली, मग थांबली. पाव तास हललीच नाही. लेकीला वाटलं, अडकलं. थंडोबा म्हणाला, शेवटाला असंच होतं, हात लावायचा नाही. तिनं जेवणाचा डबा उघडला. दोघं कपाटाच्या पंख्यांच्या घोंघाटात, गार पडलेलं जेवले. "पोळी घ्या अजून," एवढंच ती एकदा म्हणाली, आणि त्यानं घेतली. मग पट्टी एकदम भरली आणि यादीतून ती तारीख गेली. पिवळा दिवा लागलेलाच होता; नवी डिस्क आली की ती बसवायची होती.

दुसऱ्या दिवशी अक्षरं पूर्वीसारखी टपाटप उमटू लागली. खिडकीसमोरची रांग सरली आणि वहिनींना बोलायला उसंत मिळाली. त्यांनी गोष्टीला नवा शेवट दिला: बापलेकीनं दार लावून तिचा निरोप घेतला, पोर ओक्साबोक्शी रडली, आणि थंडोबासुद्धा. मोठ्या बाईंनी ते ऐकलं आणि चष्मा पुसला. लेकीच्या कानावरही ते आलं. दातांच्या दवाखान्यात कुणीतरी तिला विचारलं, खरं का गं? ती म्हणाली, "हं."

खरं एवढंच होतं. त्या फोटोत कोणी नव्हतं. तो काढण्याआधी सगळ्यांना यंत्राबाहेर काढलं होतं, तिलाही. काम झाल्यावर तो पुसायचा असतो. तो पुसायचा राहून गेला होता.